अर्धी गाडी

म्हातारी सेल्फवर उठली नाही. मिस्त्रीनं चावी फिरवली, बॅटरी कण्हली आणि तिनं मान टाकली. पुन्हा फिरवली, पुन्हा तेच.

"काम नवं आहे, सगळं आवळ बसलंय," मिस्त्री म्हणाला. "ओढूनच उठवावी लागेल."

म्हातारी म्हणजे तात्यांचा ट्रक. वडिलांच्या वेळचा, गोल नाकाडाचा, पत्र्यावर पत्रा ठोकून जगवलेला. गावात त्याला त्याच नावानं ओळखत. तात्यांची आईही घरात होतीच, त्यामुळे कुणी "म्हातारी कशी आहे?" असं विचारलं की तात्या आधी विचारून घेत, "घरातली का दारातली?" गेल्या हंगामापासून मात्र कुणी विचारत नव्हतं. दारातली म्हातारी मिस्त्रीच्या पत्र्याच्या शेडमध्ये पोट उघडं टाकून पडली होती.

मिस्त्रीनं जीप आणली, साखळी अडकवली. तात्या ट्रकमध्ये चढले. त्यांची बायको, जिला गाडीतळावर सगळे वहिनी म्हणत, ती साखळीच्या बाजूनं चालू लागली. तिच्या नखांतलं काळं अजून निघालं नव्हतं. मिस्त्रीला मदतनीस नव्हता, म्हणून तिनंच आठवडेच्या आठवडे तिथे बसून पेस्ट लावून व्हॉल्व्ह घासले होते, नटबोल्ट रॉकेलमध्ये धुतले होते. पिस्टन आत सरकवताना मिस्त्रीच्या हाताखाली रिंगा दाबून धरल्या होत्या.

जीप निघाली. साखळी ताणली. तात्यांनी क्लच सोडला, तशी मागची चाकं मातीत फरफटली. पुन्हा क्लच, पुन्हा फरफट. मग आत कुठेतरी एक ठोका पडला, दुसरा पडला, आणि सायलेन्सरमधून निळ्या-पांढऱ्या धुराचा लोट निघून शेडच्या दारात खोक्यावर बसलेल्या सासूबाईंच्या तोंडावर गेला.

"जिवंत आहे," सासूबाई खोकत म्हणाल्या.

मिस्त्री चालत्या इंजिनाला कान लावून उभा राहिला. मग हात पुसत तात्यांकडे आला.

"आता ऐक. हे रनिंगला आहे. नव्या रिंगा नव्या सिलिंडरला घासून घासून आपली जागा करून घेतील, तोवर भार द्यायचा नाही. रेस मारायची नाही. एकाच चालीनं लांबवर हाकायची नाही, आणि उभी करून नुसती घुरघुरत ठेवायची नाही. चढ आला की थोडं ओढू द्यायचं, मग पाय काढायचा, दम खाऊ द्यायचा. लाड नको आणि छळ नको. नव्या सुनेसारखं वागवायचं."

"कुणाच्या घरातल्या?" वहिनीनं विचारलं.

"मिस्त्रीच्या घरातल्या," खोक्यावरून सासूबाई म्हणाल्या. "आपल्याकडे नुसते लाड झालेत."

मिस्त्री हसला नाही. "आणि हे शेवटचं. सिलिंडर बोअर केलेत, क्रँक घासलाय. दोन्ही शेवटच्या मापाला आलेत, आणखी घासायला जागा नाही. याचा नवा क्रँक आता कुठे मिळत नाही. पुन्हा जाम झालं तर माझ्याकडे आणू नका, भंगारात घाला."

तात्या मान हलवत राहिले. जाम कसं झालं ते सगळ्यांना ठाऊक होतं. बटाट्याच्या हंगामाचे शेवटचे दिवस होते, ऊन भाजत होतं. गाडी गच्च भरलेली असताना गाडीतळावर नंबर लावून गाड्या भरणाऱ्या शेठनं वर आणखी एक थर चढवायला लावला. तात्या "नको" म्हणाले होते, पण इतक्या हळू की बहुधा त्यांनाच ऐकू आलं असेल. घाटाच्या मधोमध पाणी उकळलं, आत काहीतरी किंचाळलं, आणि म्हातारी जागच्या जागी थिजली. शेठ जीपमधून आला, माल दुसऱ्या गाडीत भरून घेतला आणि जाताना म्हणाला, "जुनं ते जुनंच."

*

दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी दोघं रिकामी गाडी घेऊन निघू लागली. तात्यांच्या हातून गाडी इतकी हळू कधी चालली नव्हती. तरणेपणी ते घाट उतरताना बसला मागे टाकत. आता सायकलवाले घंटी वाजवून त्यांच्या पुढे जात. दुधाची मोटारसायकल जाई, वळून बघे. एकदा एका बैलगाडीनं पुढे जायला जागा मागितली, तेव्हा तात्यांचे कान लाल झाले.

"मेल्याहून मेल्यासारखं झालं," ते म्हणाले.

"मेलं कोण? इंजिन चाललंय," वहिनी म्हणाली.

केबिनमध्ये भट्टी पेटल्यासारखं होई. नवं इंजिन आतून घासत होतं, तापत होतं. पायाखालचा पत्रा चपलेतून चटके देई. वहिनी तापमानाच्या काट्यावर डोळा ठेवून बसे. जरा काटा वर सरकला की ती नुसती "अहो" म्हणे, आणि तात्या पाय काढत. गाडी थांबवली की ती उतरून आधी खाली वाकून बघे, तेल कुठे गळतंय का. मग तेलाची दांडी काढून फडक्याला पुसे. तेलात चांदीसारखी बारीक चमक दिसे. पहिल्यांदा ती दिसली तेव्हा तिनं फडकं तसंच मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्री म्हणाला, "तेच तर हवंय. उंचवटे झिजतायत. माणसं एका घरात राहायला लागली की नाही का झिजत?"

मागून येणाऱ्या गाड्यांचे हॉर्न तिला सहन होईनात. तात्या हॉर्न ऐकले की पाय दाबत, आणि तिला त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवावा लागे. एके दिवशी तिनं रंगाऱ्याकडून उरलेला पांढरा रंग आणला आणि मागच्या फाळक्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: इंजिन नवीन आहे. घाई असेल त्याने पुढे जावे.

यात तिच्या मनात काही नव्हतं. पण शेठला लोक मागून घाईशेठ म्हणत. भरताना घाई, सुटताना घाई, बोलतानाही वाक्याचा शेवट दुसऱ्यावर सोडून पुढे निघालेला. संध्याकाळी गाडीतळावर म्हातारी लागली आणि तिच्या पाठीमागे माणसं जमून खी खी करू लागली. कुणीतरी मोठ्यानं वाचलं. "घाई असेल त्यानं पुढे जावं" म्हणताना त्यानं शेठच्या खोलीकडे हात केला.

शेठ बाहेर आला. त्यानं वाचलं. त्याचा चेहरा बदलला नाही, फक्त त्यानं हातातल्या किल्लीनं फाळक्यावर टकटक केलं.

"कुणी लिहिलं हे?"

"मी," वहिनी म्हणाली. "घाईबद्दल लिहिलंय. तुमच्याबद्दल लिहायचं असतं तर फाळका पुरला नसता."

हसणं थांबलं. तात्या टायरकडे बघू लागले.

"तात्या, हंगाम सुरू झालाय," शेठ म्हणाला. "उद्यापासून भर. तुझा नंबर लावलाय फळ्यावर."

"भरतो की," तात्या म्हणाले. "म्हणजे, जरा इंजिन..."

"आता अर्धी भरता येईल," वहिनी मध्येच म्हणाली. "पूर्ण भाराला अजून वेळ आहे."

"अर्धा नंबर नसतो. पूर्ण गाडी, पूर्ण नंबर. तुझी गाडी तू चालवतोस का हिला विचारून चालते?"

तात्या वाकून टायरमधला खडा काढू लागले. शेठनं भिंतीवरच्या फळ्यावरून म्हातारीचा नंबर तळव्यानं पुसून टाकला. तळवा पँटला पुसत आत गेला.

*

घरी तात्या जेवले नाहीत. भिंतीला टेकून बसले.

"लोकांसमोर तू कशाला बोललीस?"

"तुम्ही बोलला असतात तर मी कशाला बोलले असते?"

"त्याच्या वाटेला जाऊन या खोऱ्यात कुणाचं भलं झालंय? शीतगृहापर्यंतचा सगळा माल त्याच्या हातात आहे."

"क्रँक त्याच्या हातात नाही," वहिनी म्हणाली.

सासूबाई कोपऱ्यात पाय चोळत होत्या. "तुझा बापही असाच," त्या मुलाला म्हणाल्या. "बाहेर मांजर. पण गाडीच्या बाबतीत नाही. मालक म्हणाला वर चढव, तर हा चावी काढून खिशात घालायचा आणि झाडाखाली झोपायचा. लोक म्हणायचे आळशी. म्हणू दे."

 सकाळी उठून तात्यांनीच गाडीत पाणी भरलं, तेल पाहिलं.

काम शोधत फिरल्यावर एक मिळालं. गावाबाहेर रोपवाटिका होती. तिची मालकीण सडपातळ, उन्हानं रापलेली बाई, सगळ्या गाडीवाल्यांवर चिडलेली. "आंब्याची, लिंबाची रोपं पाठवते मी. वाऱ्यासारखी पळवतात. मुळाची माती सुटते, पानं फाटतात. मेलेली रोपं उतरवून घेतं का कुणी?"

"आम्ही सावकाश जातो," वहिनी म्हणाली. "सावकाशच जावं लागतं."

काम हलकं आणि मिळकतही हलकीच. पण म्हातारी रोज धावू लागली. रोपं दाटीनं उभी करायची, वर गोणपाट बांधायचं, पाणी शिंपडायचं. मग चढ, उतार, सपाट, पुन्हा चढ. तात्यांचा पाय हळूहळू शहाणा झाला. चढावर ते इंजिनाला ओढू देत, मग हलकेच पाय उचलत. तेव्हा सायलेन्सरचा आवाज घशातून छातीत उतरल्यासारखा खोल होई. निळा धूर विरळ झाला. सकाळी सेल्फ मारला की म्हातारी आता कुरकुर न करता उठू लागली. पहिल्यांदा ती अशी उठली तेव्हा तात्या चावीवरचा हात न काढता बसूनच राहिले.

"काय झालं?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. ऐकतोय."

मिस्त्रीनं हेडचे बोल्ट पुन्हा आवळले, टॅपेट लावले, जुनं तेल काढून टाकलं. काळ्या तेलात बोट बुडवून त्यानं उन्हात धरलं. "ठीक आहे. आता अर्ध्या भारानं घाट चढवा, चालेल. आणखी काही दिवस अर्धाच. मी सांगेन तेव्हा पूर्ण."

*

मग ऊन एकाएकी वाढलं. शेतांतून काढलेला बटाटा गाडीतळाच्या आवारात थप्प्या लावून पडला होता, आणि पोत्यांतून आंबूस वास यायला लागला. शेठच्या गाड्या अपुऱ्या पडत होत्या. दोन गाड्या घाटात चाकांवरचे स्प्रिंगचे पाटे मोडून बसल्याची बातमी आली.

त्या सकाळी वहिनी आधी चालत रोपवाटिकेवर गेली होती, रोपं काढून ठेवायला. तात्या गाडी घेऊन मागून येणार होते. रोपं काढून झाली. ऊन चढलं. मालकीण सारखी रस्त्याकडे बघत होती. "नवरा वाट विसरला वाटतं तुझा," ती म्हणाली, आणि पानं माना टाकू लागली तशी तिनं रोपं परत सावलीत न्यायला सांगितली. वहिनीनं सगळी रोपं परत आत नेली. एकेक रोप उचलताना तिला कळत होतं की काहीतरी चुकलंय. तेवढ्यात एक सायकलवाला सांगत गेला, "म्हातारी तळावर भरतेय की!"

वहिनी त्याच सायकलच्या मागे बसून गेली.

गाडीतळात शिरतानाच तिला म्हातारी दिसली. मागचे पाटे सपाट झाले होते. चाकांवर पत्रा टेकायला आला होता. पोती केबिनच्या वर गेली होती आणि हमाल अजून एक थर चढवत होते. तात्या स्टिअरिंगवर हात ठेवून बसले होते, तिला पाहून समोर बघू लागले.

ती दारापाशी गेली. "हे काय?"

"शेठचा मुकादम सकाळी दारात आला होता. आज आलो नाही तर नंबर कायमचा गेला म्हणाला."

"आणि इंजिन कायमचं गेलं तर?"

"एका खेपेनं काय होतंय? सावकाश चढवेन." त्यांचा आवाज उतरला. "माझ्या तळावर मला उभं राहायचं होतं गं. हसत होते सगळे."

 डोक्याचं फडकं सोडून वहिनीनं कमरेला घट्ट बांधलं. फाळक्यावर पाय देऊन ती वर चढली, पोत्यांवरून वरच्या थरावर गेली आणि एक पोतं काठाशी ओढलं. हमाल खालून बघत राहिले. पोतं तिच्या वजनाएवढंच होतं. ते पाठीवर घेऊन ती शिडीच्या फळीवरून उतरू लागली. फळी वाकली. तिच्या तोंडात मातीची चव आली. जमिनीवर टाकून दिलं असतं तर माल खराब केला म्हणाले असते, म्हणून ती थप्पीपर्यंत चालत गेली, पाठ टेकवून पोतं सोडलं, आणि परत वर चढली.

दुसरं पोतं उतरवताना शेठ आला.

"खाली ये."

"येतेच आहे," ती म्हणाली. पाठीवर पोतं होतं.

"कुणी हात लावायचा नाही तिला," शेठनं हमालांना सांगितलं. "बघू किती उतरवते."

ते बघत राहिले. तिसऱ्या खेपेला पोतं पाठीवरून घसरलं आणि सुतळीनं तिच्या कोपराचं सालटं निघालं. ती फळीवरच बसली, श्वास घेतला. कुणीतरी हसलं, पण हसणं एकट्याचंच राहिलं.

केबिनचं दार उघडलं. तात्या उतरले. त्यांनी शर्ट काढून आरशाला अडकवला. फळीवर येऊन त्यांनी पोत्याचं दुसरं टोक धरलं.

"पाठ मोडशील," ते म्हणाले. "टोकाला धर."

मग दोघं मिळून उतरवू लागली. थर खाली आला. पाटे जरा वर उचलले. अर्धी गाडी उरली तेव्हा तात्या थांबले, घाम पुसला आणि शेठकडे वळले. त्यांचा आवाज फार मोठा नव्हता, पण सगळ्यांना ऐकू गेला.

"एवढं नेतो."

"पूर्ण नाहीतर रिकामी," शेठ म्हणाला.

"मग रिकामी," तात्या म्हणाले, आणि फळीकडे चालू लागले.

हे शेठला अपेक्षित नव्हतं, आणि वहिनीलाही नव्हतं.  तात्या पोतं ओढत होते.

आवारात, थप्पीच्या सावलीत एक बाई बसली होती. रुंद खांद्यांची, पायाला चिखल सुकलेला. गाडीतला माल तिचाच होता. सकाळपासून ती आपल्या पोत्यांशेजारी बसून वास घेत होती, कुठलं पोतं आंबायला लागलंय ते बघत होती. ती उठली आणि फळीवर पाय रोवून उभी राहिली.

"ठेव ते परत," ती तात्यांना म्हणाली. "अर्धं तर अर्धं. निदान तेवढं तरी थंडाव्यात जाईल."

"मावशी, माल माझ्या ताब्यात आहे," शेठ म्हणाला.

"गाड्या तुझ्या ताब्यात असतील. बटाटा माझ्या पोटचा आहे, पाणी घालून वाढवलाय. आणि ही गाडी तर तुझीही नाही."

"मग तुझा बाकीचा माल मी उचलणार नाही."

"आज तरी कुठे उचलतोयस? तीन दिवस सडवतोयस." तिनं वहिनीकडे पाहिलं. "उद्या येशील?"

"उद्याही येईन, परवाही येईन," वहिनी म्हणाली. "अर्धीच."

शेठ काहीतरी म्हणणार होता, पण त्याला घाई होती. तो आत निघून गेला.

*

तिघं केबिनमध्ये बसली. मावशी मध्ये. घाट लागला तसा तात्यांनी गिअर उतरवला आणि म्हातारीला ओढू दिलं. उन्हानं डांबर मऊ झालं होतं. दगडी कठड्यापाशी, जिथं गेल्या हंगामात म्हातारी थिजली होती, तिथं तात्यांनी श्वास रोखला हे वहिनीला दिसलं. तिनंही रोखला. काटा जरा वर गेला. तात्यांनी पाय उचलला, वळण घेतलं, पुन्हा दिला. काटा परत आला.

"छान आवाज आहे," मावशी म्हणाली. तिला इंजिनातलं काही कळत नव्हतं. "आमचा रेडा असाच घुमायचा."

शीतगृहाच्या फाटकावर पहारेकऱ्यानं पोत्यांकडे पाहिलं. "एवढंच? शेठची गाडी ना?"

"नाही," तात्या म्हणाले. "आमची."

दुसऱ्या दिवशी दोघं मावशीचा उरलेला माल घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी मावशीच्या शेजाऱ्याचा. पुढे माणसं गाडीतळावर न जाता सरळ घरी येऊ लागली. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसत आणि आलेल्याला आधीच सांगत, "अर्धीच भरतील. पटत असेल तर बसा, चहा घ्या." काहींना पटत नसे, ते उठून जात. काही दिवस गाडी दारातच उभी राही, तेव्हा वहिनी रोपवाटिकेवर जाऊन विचारून येई. मालकिणीनं पहिल्यांदा तिला त्या दिवसावरून चांगलं फैलावर घेतलं, मग रोपं दिली.

एके सकाळी मिस्त्रीनं म्हातारीच्या सायलेन्सरपुढे कोरा कागद धरला, मागे-पुढे करून पाहिला. कागदावर तेलाचा डाग नव्हता.

"बसल्या रिंगा," तो म्हणाला. "आता भर हवी तितकी. सोसेल तितकी म्हणतोय, घाई सांगेल तितकी नाही."

त्या दिवशी तात्यांनी पहिल्यांदा गाडी पूर्ण भरली, पाटे बघून, स्वतः थर मोजून. म्हातारी घाट चढून गेली.

हंगाम उतरणीला लागला तसा शेठचा मुकादम घरी आला. तात्या गाडीखाली आडवे होते, नुसते पाय बाहेर दिसत होते. मुकादम वाकून बोलू लागला. शेठनं निरोप दिलाय, झालं गेलं सोडून द्या. फळ्यावर तुमचा नंबर परत लिहिलाय, तोही वरचा. इंजिन आता मोकळं झालंय असं कानावर आलंय.

गाडीखालून पान्ह्याची खटखट थांबली. वहिनी पाण्याचा डबा हातात घेऊन बाजूला उभी होती.  उत्तर द्यायचं काम आज तिच्याकडे आलंच नव्हतं.

"शेठला सांग," गाडीखालून तात्या म्हणाले, "गाडी अजून रनिंगला आहे."

"अजून? किती दिवस काढणार रनिंग?"

"ते काही सांगता येत नाही," तात्या म्हणाले, आणि पान्ह्याची खटखट पुन्हा सुरू झाली.